मदत हवी आहे: लॉकडाऊनचा हप्ता आला होता, आता पीएम-किसान बंद

द्राक्षबाग
तालुका तासगाव. चुलत्यांच्या नावे २०१९ पासून पीएम-किसान चालू. एप्रिल २०२० मध्ये केंद्राने लॉकडाऊनमुळे लगेच सोडलेला २,००० चा हप्ताही सहकारी बँकेतल्या खात्यात जमा झाला. २०२२ नंतर मात्र काहीच नाही. सेवा केंद्रात अंगठा देऊन ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) केली आहे. बँक म्हणते आधार जोडलंय. नक्की कुठं अडलंय? मागचे हप्ते मिळतात का?

कृष्णाकाठ
हप्ता अडण्याच्या तीन जागांपैकी ई-केवायसी ही फक्त एक. पीएम-किसानच्या संकेतस्थळावर 'नो युवर स्टेटस' उघडा. नोंदणी क्रमांक हरवला असेल तर आधार टाकून तिथंच मिळतो. लँड सीडिंग (जमिनीची नोंद जोडणं), ई-केवायसी आणि आधार-बँक सीडिंग (खातं आधारला जोडणं) या तीन ओळी बघा. जिथं 'नो' दिसेल तेवढंच काम करायचं.

बँकेचं म्हणाल तर, केवायसीसाठी आधारची झेरॉक्स घेणं वेगळं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, एनपीसीआयच्या मॅपरवर (कुठलं आधार कुठल्या बँकेत जोडलंय याची यादी) खातं चढवणं वेगळं. काउंटरवर दोन्हीला 'आधार लिंक' म्हणतात, घोळ तिथंच होतो. २०२० ला पैसे खाते क्रमांकावर पडायचे. आता आधारवर पडतात, म्हणजे आधार शेवटचं ज्या बँकेत डीबीटीला जोडलं तिथं. माय-आधारच्या साइटवर 'बँक सीडिंग स्टेटस'मध्ये त्या बँकेचं नाव दिसतं. कित्येकदा हप्ते बंद नसतातच; पोस्टमनने दारात येऊन उघडून दिलेल्या खात्यात पडून असतात.

द्राक्षबाग
बघितलं. बाकी दोन्ही 'येस', लँड सीडिंग 'नो'. २०२१ ला भावाभावांत जमिनीचं वाटप झालं, सामाईक गटाचे पोटहिस्से (वेगवेगळे तुकडे) पडले. त्याचा संबंध असेल?

माणदेशी
तिथंच अडलंय. नोंदणीत जुना सामाईक गट आहे आणि तो आता त्या रूपात उरलेला नाही. शिवाय नुसता नवा सातबारा दिला तर जमीन २०२१ ला नावावर आली असं दिसतं, आणि योजनेची अट १ फेब्रुवारी २०१९ ला जमीन नावावर असण्याची आहे. त्यानंतर खरेदी केलेली जमीन चालत नाही, वारसाने आलेली चालते.

म्हणून अर्जाला चार कागद जोडा: पोटहिश्श्याचा नवा सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा), वाटपाचा फेरफार (मालकी बदलल्याची नोंद), आणि चुलत्यांचं नाव असलेला वाटपापूर्वीचा सामाईक सातबारा. हा शेवटचा कोणी मागत नाही, पण नाव आधीपासून होतं हे त्यानेच सिद्ध होतं. आधारवरचं आणि सातबाऱ्यावरचं नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा. कृषी सहायकामार्फत अर्ज तालुका कृषी कार्यालयात द्या आणि पोहोच घ्या. पोहोच नसेल तर पुढच्या वेळी पहिल्यापासून सगळं सांगत बसावं लागतं. शेतकरी ओळख क्रमांक काढला असेल तर त्यात नवा पोटहिस्सा आलाय का तेही बघा.

नोंद दुरुस्त झाली की अडलेले हप्तेही देय असतात. राज्याच्या 'नमो शेतकरी' योजनेचा हप्ता याच यादीवरून निघतो, तोही मार्गी लागेल.

कराडकर
याच धाग्यात विचारतो. धाकट्या भावाने कर्जासाठी आयकराचं रिटर्न भरलं, कर शून्य. पीएम-किसानचे पैसे परत करा म्हणून नोटीस आलीय.

कृष्णाकाठ
अपात्र ठरतो तो मागच्या करनिर्धारण वर्षात आयकर *भरलेला*. नुसतं शून्य कराचं रिटर्न भरल्याने नाही. रिटर्नची पोच आणि देय कर शून्य दाखवणारं पान जोडून लेखी उत्तर द्या. मात्र टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) कापला जाऊन तो पूर्ण परत मिळाला नसेल, तर कर भरलाच म्हणायचा. त्याच्या पत्नीने कर भरलाय का तेही तपासा, कारण पती, पत्नी आणि अल्पवयीन मुलं मिळून एक कुटुंब धरतात.

माणदेशी
आणि व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान' नावाची एपीके फाइल (मोबाइलवर ॲप टाकणारी) फिरतेय, ती उघडू नका. खातं रिकामं करतात. शंका असेल तर १५५२६१ वर फोन लावा.

द्राक्षबाग
जुना सामाईक सातबारा ऑनलाइन निघेना. तलाठ्यांकडे मिळेल का?

माणदेशी
तिथं नाही मिळाला तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा. गट क्रमांक आणि साल दोन्ही लिहा.