मदत हवी: रविवारी घर सोडायचंय, राजा आणि मनीला कसं न्यायचं?

भुसावळची_ताई (मंगळवार, रात्री ९.१२)
रविवारी, ३१ तारखेला घर खाली करून किल्ली द्यायची आहे. सामानाचा टेम्पो ठरला, त्याची काळजी नाही. अडलंय ते राजा आणि मनीचं. टेम्पोवाला म्हणतो, मागे सामानासोबत बसवा, काही होत नाही. मला ते अजिबात करायचं नाही. आमची गाडी पाच माणसांनीच भरते. त्यात दोन दिवसांपासून खोकी भरायला घेतली, तर मनी माळ्यावरून खाली उतरत नाही. कुणी नेलं असेल तर लवकर सांगा. इंटरनेटवर वाचलं ते सगळं परदेशातलं, आपल्या उन्हाचं त्यात काहीच नाही.

पारोळा_रोड
ताई, राजा-मनी म्हणजे कोण? कुत्रा, मांजर, का शेळी? वय किती? आणि जायचंय कुठे, ते तर लिहिलंच नाही.

भुसावळची_ताई
अहो, राजा कुत्रा, मनी मांजर. भुसावळहून नाशिकला.

निवृत्त_गार्ड
मग रेल्वे सोडून दुसरा विचार का करता? फर्स्ट एसीत पूर्ण कूपे किंवा केबिन तुमच्या नावावर असेल तर कुत्रा, मांजर सोबत नेता येतं. टू एसी, थ्री एसी, स्लीपरमध्ये चालत नाही. दुसरा मार्ग गार्डच्या डब्यातली प्राण्यांची पेटी. त्यासाठी पार्सल ऑफिसात बुकिंग करायचं आणि लसीचं, तब्येतीचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट जवळ ठेवायचं.

जामनेरचा_भाचा
काका, मे महिन्यात त्या पेटीत? भुसावळला पारा ४५ ला टेकतो, पत्र्याचा डबा आतून तव्यासारखा तापतो. माझा कुत्रा मी असाच नेला होता. उतरवला तेव्हा जीभ बाहेर, उभं राहता येईना. पुन्हा कधीच नाही.

निवृत्त_गार्ड
रात्रीची गाडी धरायची असते, भाऊ. दुपारी नेलं तर दोष पेटीचा नाही. आणि ताई, रेल्वेचं क्वार्टर आहे का तुमचं? रिटायरमेंटनंतर ४ महिने ठेवता येतं, मग रविवारचीच घाई कशाला?

भुसावळची_ताई
बाबा जानेवारीअखेर रिटायर झाले. ते ४ महिने रविवारी संपतात. आता एक दिवसही वाढणार नाही. राजा ११ वर्षांचा आहे, मागच्या पायांनी अधू. त्याला पेटीत मी ठेवणार नाही.

धुयानं_पोऱ्या
मांजर घरनं, कुत्रं मानसनं. आमची आजी हेच म्हणायची. राजा तुमच्या मागे कुठेही येईल, मनीचं अवघड आहे. जुने लोक मांजराला बारदानात घालून न्यायचे, रस्ता दिसला नाही म्हणजे परत येत नाही म्हणून.

गुरांची_डॉक्टर
बारदान नको, कृपा करून. या उन्हात तोंड बांधलेल्या पोत्यात मांजर गुदमरतं. मी मांजरं, कुत्री रोज तपासते म्हणून सांगते. केळीचे दोन प्लॅस्टिक क्रेट घ्या, एक सरळ, त्यावर एक उलटा, चारही कोपरे सुतळीने घट्ट बांधा. सगळीकडून हवा लागते. खाली तिचं रोजचं अंथरूण टाका, न धुतलेलं, तिचा वास असलेलं. वरून अर्ध्या भागावर ओला पंचा. निघण्याआधी चार तास खायला देऊ नका, पाणी थोडंथोडं चालेल. झोपेची किंवा गाडी लागण्याची आपली माणसांची गोळी तिला देऊ नका. पहाटे तीनला निघालात तर ऊन चढायच्या आत पोचाल.

पारोळा_रोड
नाशिकला धुळ्यावरून जा. एरंडोल, पारोळा, धुळे, मालेगाव. चांदवडजवळ राहुड घाटात मात्र गाडी सावकाश चालवा, कुत्र्याला उलटी होते.

गिरणाकाठ
जळगाव, पाचोरा, भडगाव, चाळीसगाव, मनमाड का नको? ट्रकची गर्दी कमी.

पारोळा_रोड
पहाटे त्या रस्त्यावर गाडी बंद पडली तर मेकॅनिक कुठे शोधणार? हायवेवर ढाबे उघडे असतात, पाणी मिळतं.

गिरणाकाठ
माझ्या वीस वर्षांत एकदाही बंद पडली नाही. बाकी तुमची मर्जी.

कॉटन_मार्केट
आम्ही घर बदललं तेव्हा पोपट नेला होता. पिंजऱ्याला काळा कपडा बांधला, अगदी शांत आला.

गुरांची_डॉक्टर
आपल्याकडचा हिरवा पोपट पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. वनविभागाशी बोला, पण स्वतःहून सोडून देऊ नका, पिंजऱ्यातला पक्षी बाहेर जगत नाही. ताई, मनी माळ्यावरून उतरत नाही म्हणालात. खोक्यांना घाबरूनच ना? खाते का?

भुसावळची_ताई
खाते, मी वाटी वर ठेवते. पिल्लांपाशीच असते ना ती.

गुरांची_डॉक्टर
पिल्लं?! किती, केवढी?

भुसावळची_ताई
तीन. रविवारी ११ दिवसांची होतील. एकाचे डोळे उघडलेत. मला वाटलं आई नेली की पिल्लं आपोआप आलीच, म्हणून लिहिलं नाही.

जामनेरचा_भाचा
हे पहिल्याच ओळीत सांगायचं होतं, ताई. मग न्यायचंच कशाला? शेजारच्या क्वार्टरमध्ये पंधरा दिवस ठेवा, पिल्लं मोठी झाली की घेऊन जा.

गुरांची_डॉक्टर
असं वाटतं खरं, पण शेजारी नेणंही तिच्यासाठी घर बदलणंच. ती पिल्लं तोंडात धरून परत जुन्या माळ्यावर न्यायला बघेल, आणि ते घर तर कुलूपबंद. पिल्लं एकीकडे, आई दुसरीकडे, असं होतं. त्यापेक्षा एकदाच, पण सगळ्यांना एकत्र हलवा. तिला आधी क्रेटमध्ये घ्या, मग तिच्या डोळ्यांसमोर एकेक पिल्लू आत ठेवा. पिल्लांना अंगाची ऊब अजून नीट राखता येत नाही, म्हणून एसीचा झोत थेट नको आणि ऊनही नको. गाडीत गाणी नकोत. वाटेत कुठेही क्रेट उघडू नका.

धुयानं_पोऱ्या
माझं बारदानाचं मागे घेतो. पिल्लांचं माहीत नव्हतं.

सातपुरकर
मी नाशिकचा. कितव्या मजल्यावर घर आहे? गॅलरीला जाळी नसेल तर आधी ती बसवा. आणि सोसायटी हो म्हणाली का? आमच्याकडे सेक्रेटरीने लिफ्ट बंद केली होती कुत्र्याला.

भुसावळची_ताई
तिसरा मजला. घरमालकांनी हो म्हटलंय, सोसायटीचं विचारलंच नाही.

गुरांची_डॉक्टर
भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत: सोसायटीला पाळीव प्राणी ठेवायला बंदी करता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. छापील प्रत जवळ ठेवा. राजाचं रेबीजच्या लसीचं कार्डही. भांडायला नव्हे, दाखवायला. अकरा वर्षांच्या अधू कुत्र्याला तीन जिने चढायला लावू नका.

कॉटन_मार्केट
टेम्पोचं भाडं किती ठरलं, ताई? आम्हालाही जायचंय.

भुसावळची_ताई (शुक्रवार, रात्री १०.५०)
ठरलं. जामनेरहून दीर गाडी घेऊन आलेत. उद्या पहाटे तीनला मी, दीर, मनी आणि पिल्लं, एवढेच जाणार. बाकीचे रविवारी, राजा मागच्या सीटवर आईच्या पायाशी. बाबा आणि मोठा मुलगा रेल्वेने येतील, म्हणजे राजाला पाय पसरता येतील. केळीचे क्रेट शेजारच्या काकांच्या वखारीतून आणले. मनीची गोधडी धुतली नाही, आई कुरकुरली, तरी.

भुसावळची_ताई (रविवार, रात्री ११.२०)
पोचलो सगळे. मनीने धुळ्यापर्यंत ओरडून घर डोक्यावर घेतलं, पुढे गप्प बसली. तिला आतल्या खोलीत ठेवलंय, दार बंद. दीड तासाने क्रेटमधून निघाली आणि तिन्ही पिल्लं एकेक करून कपाटाच्या खालच्या कप्प्यात नेली. दूध पाजतेय. राजा ठीक पोचला, पण काल ती गेल्यापासून जेवला नाही. आता तिच्या बंद दाराला नाक लावून बसलाय. दार उघडू का?

गुरांची_डॉक्टर
आज नको. गोधडीचा एक तुकडा काढून राजाच्या अंथरुणावर टाका. उद्या सकाळी दार चार बोटं उघडा, तुम्ही मध्ये बसा. पाणी पितोय ना?

भुसावळची_ताई
पितोय. तुकडा टाकला. तोंडात धरून पुन्हा दाराशीच जाऊन बसला, पण आता बसल्या बसल्या झोप लागलीय त्याला.