टँजियर: स्थानमाहात्म्याच्या पलीकडे

मोरोक्कोतील टँजियर हे बंदर जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीच्या मुखाशी असल्यामुळेच वाढले, असे एक मत आहे; मला ते अर्धेच पटते. १६६१ च्या विवाहकरारानुसार पोर्तुगालने राजकन्या कॅथरीनच्या हुंड्यात इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला मुंबई आणि टँजियर अशी दोन्ही बंदरे दिली. त्यांपैकी टँजियरच अधिक मोलाचे मानले गेले. उघड्या उपसागराला आडोसा म्हणून इंग्रजांनी तेथे प्रचंड खर्चाने लाटारोधक धक्का बांधायला घेतला, परंतु पाठीमागचा मुलूख शत्रूचा राहिला आणि पार्लमेंटने पैसा नाकारला, तेव्हा १६८४ मध्ये तोच धक्का सुरुंगाने उडवून त्यांनी शहर सोडले. मुंबई मात्र १६६८ मध्येच वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली होती!

पुढे १९२३ च्या करारान्वये शहर आंतरराष्ट्रीय क्षेत्र झाले आणि सैल करांमुळे बँका, सराफ व तस्कर सारेच तेथे जमले. १९५६ मध्ये मोरोक्को स्वतंत्र झाल्यावर ती चलती ओसरली. आजची मालवाहतूकही मूळ शहरातून होत नाही. सुमारे चाळीस किलोमीटर पूर्वेला २००७ मध्ये सुरू झालेल्या टँजर मेड बंदरातून ती चालते, आणि टँजियरजवळच्या मेलुसा येथील रेनो कारखान्याच्या मोटारी रेल्वेने थेट त्याच धक्क्यावर येतात.