मटण तिखट होतंय, पण झणझणीत काही होत नाही

कोरडं_खोबरं

येत्या रविवारी नागपूरहून मेहुणा येतोय. मागच्या दिवाळीत माझ्या हातचं मटण खाऊन बायकोला म्हणाला, "ताई, भाऊजींनी वरण मस्त केलंय." तेव्हापासून डोक्यात सूड आहे.

परवा रंगीत तालीम केली. किलोभर मटण, कांदा-खोबऱ्याचं वाटण, पाकिटातलं लाल तिखट चार मोठे चमचे. चव घेतली तर नुसता रंग. म्हणून तेल कडकडीत तापवलं, त्यात आणखी तीन चमचे टाकले आणि वरून फोडणी ओतली. पुढची पाच मिनिटं सगळं घर बाल्कनीत खोकत उभं. रस्सा निघाला कडू. जिभेला काही कळत नाही, घशात चटका आणि रात्रभर छातीत जळजळ. उरलेलं मी एकट्यानं दही घालून संपवलं.

कोल्हापुरात तांबडा रस्सा पिताना कपाळावर घाम येतो, कानशिलं तापतात, तरी दुसरी वाटी मागवतो. तसं घरी कसं जमवायचं? शिवाय मुलगी सहा वर्षांची आहे. तिच्यासाठी दुसरं पातेलं लावायचा दम माझ्यात नाही.

पाटावरवंटा

तुमचं तिखट जळलं, दुसरं काही नाही. कडकडीत तेलात कोरडी पूड पडली की बघता बघता काळी पडते, मग उरतो तो कडूपणा आणि ठसका. वरून तिखट घालायचंच असेल तर गॅस बंद करून तेल जरा निवू द्या आणि तिखट थोड्या पाण्यात कालवून घाला.

आणि रंग नि जहालपणा एकाच मिरचीकडे मागू नका. ब्याडगी रंग देते, तिखटाला बेताचीच. तुमच्या पाकिटात तीच जास्त असणार. किलोला मी दहा-बारा ब्याडगी आणि सहा-सात लवंगी घेते, देठं मोडून अर्धा तास गरम पाण्यात भिजवते आणि गंधासारखं बारीक वाटते. बिया काढत बसत नाही. तिखटपणा बियांत असतो असं सगळे म्हणतात, पण तो असतो बिया जिला चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढऱ्या शिरेत. वाटून झालं की हाताला आधी तेल चोळा, मग साबण लावा. मी एकदा तसाच हात डोळ्याला लावला होता. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना वाटलं घरात काहीतरी वाईट घडलंय.

मटण आधी आळणी, म्हणजे बिनतिखटाचं, शिजवा. हळद, मीठ, आलं-लसूण, वर ताटात पाणी. ते तापलं की लागेल तसं आत ओतायचं. दुसऱ्या पातेल्यात भाजलेला कांदा, सुकं खोबरं, तीळ, खसखस यांचं वाटण मध्यम आचेवर परता. आधी ते तेल पिऊन टाकतं, तुम्हाला वाटेल कमी पडलं. हात थांबवू नका. मग वाटणाचा गोळा होतो, तळ सोडतो आणि कडेनं तेलाचे बारीक बुडबुडे दिसायला लागतात. आता मिरचीचं वाटण घाला आणि पुन्हा तेल सुटेपर्यंत थांबा. इथे घाई केलीत की तर्री विसरा. मग मटण आणि उकळतं आळणी पाणी. गार पाणी ओतलंत तर मी जबाबदार नाही. बारीक आचेवर वीसेक मिनिटं.

मुलीसाठी मिरची पडायच्या आधीच चार फोडी आणि वाटीभर आळणी पाणी काढून ठेवा. तूप-भाताबरोबर पोरं आवडीनं खातात. मोठ्यांसाठी वरची तर्री पळीनं वेगळी काढा. मिरचीचा जहालपणा पाण्यात नाही, तेलात उतरतो, म्हणून ज्याला जेवढी सोसेल तेवढी त्यानं ताटात घ्यावी.

नादखुळा

एवढा खटाटोप कशाला? एक भूत जोलोकिया टाका, विषय संपला. गिनीजनं २००७ मध्ये जगातली सगळ्यात तिखट मिरची म्हणून नोंदवलेली, दहा लाख स्कोव्हिलच्या (तिखटपणा मोजायचं एकक) वर.

पाटावरवंटा

नादखुळा, मेहुणा आहे तो, शत्रू नाही. आणि चव कुठून आणणार?

वऱ्हाडी_ठसका

अहो भाऊ, नागपूरचा माणूस येऊन राहिला अन् तुम्ही त्याले कोल्हापुरी चारता? काहून जी? सावजी करा. हलबा कोष्टी विणकरांच्या घरचं खाणं आहे ते. त्यात नुसती मिरची नाही. काळी मिरी, लवंग, सुंठ, दगडफूल, सगळं भाजून घ्या. पूर्वी जवसाच्या तेलात करत. रस्सा दाट करायला ज्वारीचं पीठ, पण आधी कोरडं भाजा, नाही तर कच्चं लागते. मिरची ओठावर लागते, मिरी नाकात जाते, सुंठ मागून घशात येते. म्हणून घाम फुटते. मिरी मात्र किलोला एका लहान चमच्याच्या वर नको. भिवापुरी मिरची मिळाली तर लवंगीच्या जागी तीच घाला.

पाटावरवंटा ताईंचं तेल सुटेपर्यंत थांबायचं मात्र सोळा आणे खरं.

कोरडं_खोबरं

केलं. वाटण ताईंचं, मसाला ठसका भाऊंचा, म्हणजे कोल्हापूरवाले आणि नागपूरवाले दोघंही मला हाणतील. तेल सुटायला पस्तीस मिनिटं लागली. मध्ये दोनदा वाटलं, ओतावं पाणी आणि मोकळं व्हावं.

मेहुण्यानं पहिल्या घासाला काही म्हटलं नाही. चौथ्याला चष्मा काढून ठेवला. नंतर बहिणीकडे न बघताच म्हणाला, "ताई, दही आहे का गं?" वर तीन वाट्या रस्सा प्यायला. मुलगी आळणी खाऊन झोपून गेली.

वाटीभर तर्री उरलीय, फ्रीजमध्ये वर लाल थर गोठलाय. त्यात उद्या अंडी सोडली तर चालतील का?

पाटावरवंटा

सोडा की. पण आधी अंडी उकडून घ्या आणि तर्रीत एक कांदा परता, नाही तर नुसतं तेल पिऊन उठाल.