काडतूस बसलं म्हणजे चालतंच का? जुन्या दुनळी बंदुकीसाठी दुकानदाराने ७० लिहिलेलं दिलं

कुळागरवाला_सत्तरी

नमस्कार मंडळी. वाळपईच्या पलीकडे आमचं कुळागर आहे, सुपारी, नारळ, थोडी मिरी आणि वर डोंगराला काजू. आजोबांची १२ बोअरची बेल्जियन दुनळी घरात आहे, पोर्तुगीज काळात घेतलेली. १९६१ नंतर तिचं भारतीय लायसन्स झालं, पुढे ते बाबांच्या नावावर आलं. बाबा गेल्यावर बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली आणि वारस म्हणून माझं लायसन्स होईपर्यंत ती तिथेच राहिली. हे सगळं सांगतोय ते एवढ्यासाठी की मी या कामात नवखा आहे. बंदूक घरात होती, पण बाबांच्या हातात. आम्हा पोरांना तिला तेल पुसण्यापलीकडे हात लावू देत नसत.

आता प्रश्न. गेल्या महिन्यात शहरातल्या एका दुकानात काडतुसं घ्यायला गेलो. कागदपत्रांच्या बाबतीत बोट ठेवायला जागा नाही. लायसन्सची झेरॉक्स पुढे केली तर "मूळ बुक द्या" म्हणाले. बुकातला फोटो आणि माझं तोंड दोनदा ताडून पाहिलं. यूआयएन (लायसन्सधारकाचा ओळख क्रमांक), मुदत, बंदुकीचा नंबर, एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतुसं घेता येतात तो रकाना, सगळं तपासलं. रजिस्टरात सही घेतली, बुकात नोंद करून शिक्का मारला. सगळं मिळून पाऊण तास. मला दहाच हवी होती, पण "डबा फोडत नाही" म्हणून पंचवीस घ्यावी लागली.

आणि या पाऊण तासात बंदूक कुठली, किती जुनी, हे एकाने विचारलं नाही. मीच म्हटलं, "आजोबांच्या वेळची आहे हां, चालेल ना?" काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "बारा बोअर ना? मग बारा बोअरचं काडतूस. बसतंय म्हणजे चालतंय."

घरी आणली. बसली, अगदी व्यवस्थित. केलडी (माकडं) आडसरं (कोवळे नारळ) फोडून फोडून खाली टाकत होती, त्यांना पिटाळायला माळावर मोकळ्यात दोन बार काढले. पहिल्याला खांद्याला असा दणका बसला की मला वाटलं माझ्या धरण्यातच चूक झाली. दुसऱ्यानंतर बंदूक उघडली तर काडतुसाची रिकामी पुंगळी निघेना. शेवटी निघाली ती तोंडाला चिंध्या झालेली, प्लॅस्टिक ओढल्यासारखं पातळ. डब्यावर ७० लिहिलंय. बंदुकीवर काय ते मला वाचता येत नाही. बिलावर नुसतं "१२ बोअर, २५ नग".

हे असंच असतं, का माझं काही चुकलं? उरलेली तेवीस दुकानात परत न्यायला गेलो तर "विकलेला माल परत नाही."

---

डिचोलीचा_आजोबा

बाळा, आधी एक काम कर. ती बंदूक कपाटात ठेव, कुलूप लाव आणि ती तेवीस काडतुसं तिच्यापासून लांब ठेव. मग पुढचं वाच.

तुझं चुकलं नाही. तुला अर्धवट माहितीवर माल दिला. बारा बोअर हे नळीच्या आतल्या रुंदीचं माप झालं. काडतूस जिथे बसतं त्या चेंबरची लांबी हे दुसरं माप, आणि ते कुणी विचारत नाही. जुन्या इंग्लिश आणि बेल्जियन बंदुकांचं चेंबर बहुतेक ६५ मिलिमीटरचं, म्हणजे अडीच इंची. हल्लीचं काडतूस ७० चं, पावणेतीन इंची.

आता गंमत बघ. एक पट्टी घे आणि न उडवलेलं काडतूस मोज. ७० लिहिलंय ना? पट्टीवर ५८-५९ च्या आसपास भरेल. कारण त्याचं तोंड चांदणीसारखं आत दुमडलेलं असतं. ७० हे माप उडवल्यानंतर तोंड उलगडलेल्या पुंगळीचं. म्हणून ते ६५ च्या चेंबरात गुमान बसतं. उडताना तोंड उलगडायला जागा हवी, ती नसते. पुढे नळी निमुळती होते, तिथे पुंगळीचं तोंड जाऊन अडकतं आणि छर्ऱ्यांना त्या बोळातून जावं लागतं. दाब वाढतो. तुला बसलेला दणका तो, आणि पुंगळीच्या चिंध्या त्याच्याच.

नळ्या दस्त्यापासून वेगळ्या कर आणि खालची सपाट बाजू उजेडात धर. लंबगोलात ईएलजी अशी अक्षरं दिसतील, तो बेल्जियमच्या लिएजचा चाचणीचा शिक्का. आसपास १२ आणि ६५ असे आकडे आहेत का बघ. आकडे झिजले असतील तर अंदाज करत बसू नकोस, कारागिराकडून चेंबर मोजून घे. आणि नळीवर लाटालाटांची नक्षी दिसली, साडीच्या काठासारखी, तर ती दमास्कस नळी. पट्ट्या पिळून केलेली, काळ्या दारूच्या जमान्यातली. तिच्यात आजचं काडतूस घालायचा विचारही नको.

---

काउंटरमागचा

मी सहा वर्षं अशाच एका दुकानात होतो, गोव्यात नव्हे, घाटावर. आता सोडलं. दुकानाची बाजू मांडतो, राग मानू नका.

कागद तपासण्यात जो पाऊण तास गेला त्यात दुकानदाराचं स्वतःचं लायसन्स अडकलेलं असतं. ज्याला बाळगायचा हक्क नाही त्याला एक काडतूस विकलं तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा. अधिकारी तपासणीला आले की रजिस्टर आणि कपाटातला साठा मोजतात. एक नग कमी भरला की घाम फुटतो. त्यामुळे मालक नव्या पोराला पहिल्या दिवशी काय शिकवतो? रजिस्टर. बंदूक शिकवायला त्याला वेळ नसतो, आणि खरं सांगायचं तर पुष्कळ मालकांनाही ती येत नाही. मला पहिल्या वर्षी एसजी आणि एलजी यात मोठा छर्रा कुठला ते डब्यावरचं चित्र बघून सांगावं लागायचं.

परत न घेण्याचं म्हणाल तर, बुकात आणि रजिस्टरात नोंद पडली की माल तुमचा. परत घ्यायचा तर दोन्हीकडे उलटी नोंद हवी, आणि तुम्ही ती काडतुसं मधल्या काळात कशी ठेवलीत हे दुकानदाराला काय माहीत? ओली झालेली त्याने पुढच्या गिऱ्हाईकाला विकायची का? आमचे मालक कधीच घेत नसत. मात्र तुमच्या बाबतीत चूक दुकानाची आहे. पोराशी बोलू नका. मालक बसतात ती वेळ विचारा, फाटलेली पुंगळी घेऊन जा आणि त्यांच्या टेबलावर ठेवा.

पुढच्या वेळी तोंडी विचारू नका. "चेंबर ६५, स्मोकलेस (आजची बिनधुराची दारू) चालेल अशी" असं चिठ्ठीवर लिहून न्या आणि बिलावर लांबी लिहून मागा. बिलावर लिहायची वेळ आली की पोरगा आपोआप आत जाऊन मालकाला विचारतो.

---

मोपा_टू_मडगाव

एवढी कटकट कशाला, चोर्ला घाट चढून बेळगावला जा, तिथे जुने जाणकार बसलेत.

---

डिचोलीचा_आजोबा

मोपावाले, अर्धवट सल्ला देऊ नका. आधी बुकातला क्षेत्राचा रकाना बघायला सांगा. आमच्या बहुतेकांच्या बुकात फक्त गोवा लिहिलंय. ते घेऊन बेळगावला काडतुसं आणायला गेलात तर दुकानदार देणार नाही, आणि दिली तर येताना केरीच्या नाक्यावर काय सांगाल?

---

नेत्रावळीची_काकी

माझ्याही दोन गोष्टी. लायसन्स माझ्या नावावर आहे, घरच्यांच्या नव्हे. सासऱ्यांचं वय झालं, मुलगा म्हणजे आमचे हे बोटीवर, कुळागर मी बघते. दुकानात गेले की दरवेळी तेच. "साहेब कुठे आहेत?" साहेब दर्यात आहेत, म्हटलं, बुकात फोटो कोणाचा आहे तो बघा. पोरगा बुक बघतो, मग मला बघतो, मग परत विचारतो, "वापरणार कोण?" एका वर्षी ह्यांना सुट्टीत पाठवलं माझं बुक देऊन, तर हाकलून दिलं, लायसन्सवाल्यालाच यावं लागेल म्हणून. ते बरोबरच केलं. पण मी गेले की साहेब हवेत आणि साहेब गेले की मी हवी.

दुसरी गोष्ट गंभीर आहे म्हणून लिहिते. आमच्याकडे एक १२ ची आणि चुलत सासऱ्यांची एक २० बोअरची. एकदा दुकानाने एकाच पिशवीत दोन्ही डबे दिले, त्यात काही सुटी. २० चं काडतूस पिवळं असतं, ते मुद्दाम तसं करतात. का ते मला तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराने दाखवलं. २० चं काडतूस १२ च्या नळीत टाकलं तर ते खाली पडत नाही, चेंबरच्या पुढे जाऊन अडकतं. मागून बघितलं तर नळी रिकामी दिसते. माणूस म्हणतो भरायला विसरलो, आणि १२ चं घालून घोडा ओढतो. त्याने हे सांगताना आपल्या डाव्या हाताची बोटं नुसती मिटून दाखवली. तेव्हापासून आमच्या घरी दोन डबे दोन खोल्यांत.

कुळागरवाले, पावसाळ्यात तुमचे ते डबे कुठे ठेवलेत? आमच्याकडे एका जूनमध्ये पितळी बुडांना हिरवा कळंक चढला होता. त्यातलं एक नुसतं "फुस्स" झालं. अशा वेळी दुसरा बार काढू नये, आधी नळीतून आरपार उजेड दिसतो का बघायचं, आत काही अडकलेलं असू शकतं. आणि घोडा ओढूनही काहीच झालं नाही तर लगेच उघडायची नाही. तोंड मोकळ्या बाजूला धरून निदान अर्धा मिनिट तशीच ठेवायची.

---

कुळागरवाला_सत्तरी

आजोबा, काकी, काउंटरमागचे, तिघांचेही उपकार. थोडं लांबेल, पण काय झालं ते सांगतो.

नळ्या काढल्या. ईएलजी आहे, वर मुकुट, खाली चांदणी. १२ दिसतं. दुसरा आकडा इतका झिजलाय की बायकोला ६५ वाटला, मला ६६, आईने चष्मा लावून सांगितलं की ती नक्षी आहे. लाटा नाहीत, साधी पोलादी नळी आहे. काडतूस पट्टीवर ५८ भरलं. फाटलेली पुंगळी मोजली, चिंध्या सरळ करून, ती ७० ला थोडी कमी. आजोबा म्हणाले तसंच निघालं सगळं.

मग बुक आणि बंदूक घेऊन कारागिराकडे गेलो. त्याने एक पितळी माप आत सरकवलं आणि आकडा न सांगता आधी माझ्याकडे बघितलं. "किती उडवलीस?" दोन. "मग वाचलास." चेंबर ६५ चंच. बिजागरीला किंचित ढिलाई आलीय, नळ्या हलवून दाखवल्या, टिकटिक आवाज येतो. दोन बारांनी आली की आधीपासून होती ते त्याला सांगता येईना. मी विचारलं, चेंबर वाढवून ७० चं करता येईल का? नाही म्हणाला, भिंत पातळ आहे, खरवडली तर उरणार काय. बिजागरीची ढिलाई निघेपर्यंत बंदूक चालवायची नाही.

मालक बसायची वेळ विचारून दुकानात गेलो. वयाच्या सत्तरीतले गृहस्थ, शांत. पुंगळी हातात घेऊन खिडकीशी गेले, तोंड बोटाने फिरवलं, काही बोलले नाहीत. मग त्या पोराला बोलावून त्याच्या तळहातावर ती ठेवली आणि म्हणाले, "हे काय झालंय ते सांग." त्याला सांगता येईना. मालकांनी सांगायला घेतलं, अगदी आजोबांनी लिहिलंय तसं, चांदणी आणि बोळ. पोरगा खरंच ऐकत होता. माझा राग तिथेच अर्धा उतरला. त्या पोराला हे आधी कोणी सांगितलं असतं तर त्याने मला ती दिलीच नसती.

तेवीस परत घेतली नाहीतच. ६५ ची मागवून देतो म्हणाले, आली की फोन करतील, बिलावर लांबी लिहून देतील. पण अडचण अशी की बुकातल्या वर्षाच्या कोट्यातून पंचवीस आधीच गेलीत, आणि माझ्याकडे असलेली तेवीस एका वेळच्या आकड्यात मोजली जातात. म्हणजे उडवता येत नाहीत आणि जागा मात्र अडवून बसलीत. मालक म्हणाले, जमा ठेवायची असतील तर आमच्याकडे ठेवा, पावती देतो, नोंद करू. काउंटरमागचे, हे रीतसर आहे ना? पावतीवर काय काय लिहून घेऊ?

काकी, डबा स्वयंपाकघराच्या माळ्यावर होता, चुलीच्या वर. आता हसू नका. आता कुलपात आहे, सिलिका जेलच्या पुड्यांसकट.

---

काउंटरमागचा

रीतसर आहे, परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येतं, फक्त त्याच्याकडे ठेव घेण्याचीही परवानगी आहे ना ते विचारून घ्या. पावतीवर नग, बोअर, लांबी, डब्यावरचा लॉट नंबर, तारीख आणि तुमचा यूआयएन. बुकातही नोंद करून घ्या, नाहीतर निवडणुकीत शस्त्रं जमा करायची वेळ आली की ठाण्यावरचा हवालदार तेवीसचा हिशेब तुमच्याकडे मागेल.

आणि चुलीवर? अहो!

---

नेत्रावळीची_काकी

२०२४ च्या लोकसभेला आमची बंदूक ठाण्यात होती. मतदान ७ मे ला, म्हणजे ऐन काजूच्या दिवसांत. केलड्यांना आचारसंहिता नव्हती. रिकामे पत्र्याचे डबे दोरीला बांधून झाडाला लावले होते, खालून हिसका दिला की वर खडखडाट. कुळागरवाले, तुमची ६५ ची येईपर्यंत तेच करा. आठवडाभर चालतं, मग त्यांना कळतं.