कॅथरीन आणि देवीची टोचणी
रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिचं पुरोगामीपण फ्रेंच विचारवंत व्हॉल्तेरला लिहिलेल्या पत्रांपुरतंच होतं, असं एक मत आहे; ते मला अर्धंच पटलं. 1768 चा देवी या रोगाचा किस्सा बघा. नवऱ्याच्या, तिसऱ्या पीटरच्या तोंडावरचे देवीचे व्रण तिने लग्नाआधीच पाहिले होते. तिने इंग्लंडहून थॉमस डिम्सडेल या डॉक्टरला बोलावलं आणि आधी स्वतःच्या दंडावर टोचून घेतलं, मग मुलगा पॉलच्या. इंग्रज डॉक्टर जेन्नरची देवीवरची लस यायला अजून 28 वर्षं होती. ही टोचणी खऱ्या देवीच्या फोडातल्या द्रवाची, म्हणजे जिवाशी खेळच. काही बरंवाईट झालं तर डॉक्टरला पळता यावं म्हणून वाटेवर घोडे तयार ठेवले होते म्हणे! ज्या पोराच्या फोडातून द्रव घेतला, त्या अलेक्झांडर मार्कोव्हला सरदारकी मिळाली. डिम्सडेलला 10,000 पौंड, वर सालाना 500 पौंड आणि बॅरन हा किताब.

पण भूदासांचा, म्हणजे जमीनदाराच्या मालकीत बांधलेल्या शेतकऱ्यांचा विषय निघाला की बाई गप्प. उलट 1767 मध्ये मालकाविरुद्ध तिच्याकडे अर्ज करायलाही त्यांना बंदी केली. सहा वर्षांनी तिच्या सत्तेविरुद्ध पुगाचोव्ह या बंडखोराचं बंड पेटलं, तेव्हा हेच भूदास त्याच्यामागे धावले.