वयात येणाऱ्या पोरी समुपदेशनाला येऊन गप्पच बसतात, काय बदलावं?

खानापूरची_ताई:
नमस्कार. मी सरकारी दवाखान्यात स्नेह क्लिनिकला समुपदेशक आहे, १० ते १९ वयाच्या पोरापोरींशी बोलायचं काम. पोरी येतात पण आईसोबत, पाळी वेळेवर येत नाही हे पण आईच सांगते, पोरगी ओढणीचं टोक पिळत खाली बघत बसते. माझं टेबल लसीकरणाच्या खोलीतच, मध्ये नुसता पडदा. भिंतीवरचे तक्ते कन्नडमधे आणि येणाऱ्या बऱ्याच पोरी मराठी शाळेतल्या. रजिस्टर भरतंय, पण जे विचारायला ती आली ते तिच्या पोटातच राहतंय असं मला सारखं वाटतं. वेगळी खोली मिळणार नाही, आहे त्यात काय करू?

निपाणीची_सिस्टर:
आईला बाहेर बसवा, पण "तुम्ही बाहेर जावा" असं तोडून नको, पुढच्या वेळी पोरीला धाडायच्याच नाहीत. आधी त्यांचं सगळं ऐकून घ्या मग म्हणा, "मावशी, इथं येणाऱ्या प्रत्येक मुलीशी मी थोडा वेळ एकटीशी बोलते, पद्धतच आहे तशी", म्हणजे आपल्याच पोरीवर संशय घेतला असं वाटत नाही. आणि पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं मागंपुढं होतंच, २१ ते ४५ दिवसांत आली तर घाबरू नका, हे मात्र आईसमोरच सांगा, घरात पोरीला बसणारी बोलणी तरी कमी होतील. तीन महिने आलीच नाही किंवा आठवड्याच्या वर अंगावरून जातंय तर डॉक्टरकडं पाठवा.

नाव_नको:
मी त्या खुर्चीत बसलेय म्हणून लिहिते. बेळगावात कॉलेजला असताना एका दवाखान्यात इमर्जन्सी गोळीबद्दल, म्हणजे संबंध आल्यावर गर्भ राहू नये म्हणून घ्यायच्या गोळीबद्दल, विचारायला गेलेले. केसपेपर करणाऱ्यानंच मोठ्यानं विचारलं "कशासाठी?" आणि मागं रांगेत आमच्या गल्लीतले काका. आत गेल्यावर पहिला प्रश्न लग्न झालंय का, दुसरा वडील काय करतात. मी पोटात दुखतंय सांगून उठून आले. ती गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची, जेवढी लवकर तेवढं चांगलं, आणि ती गर्भ पाडायची गोळी नाहीच, एवढं कुणीतरी नीट सांगायला पाहिजे होतं हो, मला दुसरं काही नको होतं. ताई, केसपेपरवर नुसतं "स्नेह" लिहून आत पाठवायची सोय करा, बाहेर कारण विचारूच नका.

चिकोडी_डॉक्टर:
वरचं सगळं बरोबर, एक महत्त्वाचं राहिलं. १८ च्या आतल्या मुलीला "कुणालाच सांगणार नाही" असा शब्द देऊ नका. पोक्सो २०१२ (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) च्या कलम १९ प्रमाणे शरीरसंबंध आल्याचं कळलं तर पोलिसांना कळवावं लागतं, संबंध तिच्या मर्जीनं आला असला तरी. हे तिनं बोलायच्या आधी साध्या शब्दात सांगा, सगळं काढून घेऊन मग सांगितलं तर ती परत पाऊल ठेवणार नाही. गर्भपाताचा विषय असला तर पालकाची लेखी संमती लागते, पण सुप्रीम कोर्टाच्या २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालानुसार मुलीनं आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरनं पोलिसांना कळवताना तिचं नाव उघड करायची गरज नाही. हे घरच्यांना माहीतच नसतं, मग पोलिसाच्या भीतीनं मेडिकलमधून गोळ्या आणून पोरीच्या जिवाशी खेळ होतो.

सीमाभागातला_मास्तर:
पोरांबद्दल कोणच बोलेना. आमच्या हायस्कूलची पोरं स्वप्नदोष म्हणजे मोठा रोग समजून भिंतीवरच्या जाहिरातीतल्या वैद्याकडं पैसे घालवतात, तो रोगच नव्हे हे सांगणारा पुरुष त्यांना कुठं मिळत नाही. एखादा पुरुष कर्मचारी तरी बसवा. दुसरं म्हणजे वेळ, सकाळच्या ओपीडीला शाळा बुडवून कोण येणार, शनिवारी शाळा सकाळची असते तेव्हा दुपारी ठेवा, गावाकडची बस सुटायच्या आत. मराठी तक्त्यांचं म्हणाल तर स्नेह क्लिनिक ज्यात येतं तोच किशोर स्वास्थ्य कार्यक्रम महाराष्ट्रात चंदगड-गडहिंग्लजला पण चालतो, तिथल्या समुपदेशकाला फोन करून मागवून घ्या.