केशवराव भोसले नाट्यगृहासाठी कोटी आले, पण कॉलेजच्या पोरांच्या प्रयोगाचे पैसे कुठून उभे करायचे?

विंगेतून
नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरचा. कॉलेजात एकांकिका करायचो, आता ज्युनियर पोरांच्या बसवतो. ८ ऑगस्ट २०२४ ला रात्री केशवराव पेटलं तेव्हा आम्ही सगळे शेजारच्या खासबाग कुस्ती मैदानाच्या बाजूला उभे होतो, दुसऱ्या दिवशी ज्यांच्या नावाचं ते थेटर, त्या गायकनट केशवरावांची जयंती, कुणाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ पासूनचं थेटर, आतलं सगळं जळालं आणि दगडी भिंती तेवढ्या राहिल्या. ते पुन्हा उभारायला सरकारने २० कोटी जाहीर केले, विम्याचे वेगळे, मनापासून बरं वाटलं.

पण माझी अडचण ही की वास्तूला पैसे येतात, वास्तूत काम करणाऱ्या पोरांना येत नाहीत. मागच्या वर्षी एका हॉलवर आम्ही प्रयोग लावला तर भाडं, डिपॉझिट, लाइटवाला, साउंडवाला, सेटचा टेम्पो सगळं धरून पोरांनी डोक्यामागे पाचशे-पाचशे काढले, आणि एक चांगली नट असलेली पोरगी नुसत्या त्या पाचशेसाठी मागं हटली. मला ते अजून खुपतंय. नवीन थेटरात हे पुन्हा होऊ नये म्हणून आत्ता काय करता येईल?

नेपथ्यवाले काका
बाळा, पहिलं हे समजून घे की ते २० कोटी भांडवली खर्चाचे, म्हणजे बांधकामाचे आहेत, त्यातला रुपया पण नाटक बसवायला वळवता येत नाही, तिथं भांडून उपयोग नाही. खरा प्रश्न थेटर चालू झाल्यावरचा आहे. वीज, एसी, सफाई, वॉचमन, डोअरकीपर, हे सगळं महापालिकेला दर महिन्याला लागतं आणि ते भाड्यातून निघेल असंच ऑफिसात धरलं जातं. म्हणून अनुदान मागत बसू नका, तारखा मागा. शनिवार-रविवार संध्याकाळ मुंबई-पुण्याच्या नाटकांची असते, ती तुम्हाला मिळणार नाही आणि मिळू पण नये, त्याच्यावर थेटर चालतं. सोमवार ते गुरुवार सकाळी मात्र बहुतेक थेटरं रिकामी असतात. महिन्यातले दोन दिवस विद्यार्थ्यांसाठी राखीव, आणि रंगीत तालमीला वेगळा कमी दर, एवढं ठरावात आणा. दरपत्रक एकदा छापलं की पुढं बदलायला वर्षं जातात. आम्ही बोलायला उशीर केला होता, तुम्ही करू नका.

पेठेतली
काका, तारखांचं पटलं, पण कमी दराबद्दल मला भीती वाटते. भाडं कमी म्हणून देखभालीला पैसे नाहीत, म्हणून वायरिंग जुनीच, पडदे फाटकेच, हे चक्र सगळ्या सरकारी थेटरांत बघितलंय. आपण एकदा सगळं जळताना बघितलंय हो, आग विझवायची यंत्रणा दरवर्षी तपासायला पैसे लागतातच. त्यामुळं सवलत द्या पण थेटरच्या खिशातून नको. पालिकेच्या बजेटात सांस्कृतिक कामाचं वेगळं लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं वेगळं खातं करून सवलतीचा फरक तिथून थेटरच्या खात्यात जमा झाला पाहिजे, म्हणजे पोरांवर किती खर्च झाला ते कागदावर दिसेल आणि देखभालीचे पैसे पण कुणी कापणार नाही.

हिशेबनीस
सीए आहे, हौशी नाटकात काम करायचो. तीन गोष्टी सांगतो.

सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजकामाला द्यायचा पैसा. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ऐतिहासिक वास्तूंची डागडुजी आणि कला-संस्कृती एकाच कलमात आहे, म्हणजे जी कंपनी थेटरच्या खुर्च्यांना पैसे देऊ शकते ती तुमच्या कार्यशाळेला पण देऊ शकते. गोकुळ शिरगाव, कागल एमआयडीसीत मोठे कारखाने आहेत, विचारून बघा. फक्त ग्रुपच्या नावाने चेक निघत नाही, नोंदणीकृत ट्रस्ट लागतो, त्याला १२ए, ८०जी ह्या आयकर खात्याच्या आणि सीएसआरचे पैसे घ्यायची सीएसआर-१ अशा नोंदण्या लागतात. नवीन ट्रस्ट काढू नका, एखाद्या जुन्या नाट्यसंस्थेच्या छत्राखाली जा, वर्ष वाचेल.

तिकीट. माणशी ५०० रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही, तेव्हा त्या भीतीने फुकट प्रयोग करू नका. शंभर रुपये का होईना, तिकीट लावा. नाटकाची संहिता तपासणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाचं सर्टिफिकेट मात्र वेळेत काढा.

तिसरं त्या मुलीसाठी. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांना शिष्यवृत्ती आहे, वय १८ ते २५, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं, नाटक पण त्यात बसतं. प्रगत प्रशिक्षणासाठी आहे, गुरू लागतो, ऑडिशन होते. आपल्याकडची पोरं अर्जच करत नाहीत.

विंगेतून
काका, ताई, सर, खूप आभार. शिष्यवृत्तीची माहिती तिला आत्ताच पाठवली, तिचा लगेच फोन आला की गुरू म्हणून कुणाचं नाव घालू.

सीएसआरवरून एक आठवलं, १९२१ ला केशवराव आणि बालगंधर्व एका नाटकात एकत्र उभे राहिले ते स्वातंत्र्य चळवळीच्या टिळक स्वराज्य फंडासाठी, त्यांनी रंगमंचावरून पैसे उभे केले होते. आपण पण एक प्रयोग फक्त ह्या पोरांच्या फंडासाठी लावू शकतो.

महापालिकेला द्यायचं निवेदन आज रात्री लिहायला घेतो. दोन राखीव दिवस, तालमीचा दर, आणि ताईंचं वेगळ्या लेखाशीर्षाचं, तिन्ही घालतो. राज्य नाट्य स्पर्धेला उतरणाऱ्या हौशी संस्थांच्या सह्या पण पाहिजेत, नुसत्या कॉलेजच्या पोरांच्या सह्यांना कोण विचारतंय. काका, तुमची पहिली सही घेऊ का?

नेपथ्यवाले काका
घे की. उद्या संध्याकाळी ये, जुन्या दोन संस्थांच्या अध्यक्षांना पण बोलावून ठेवतो. आणि त्या पोरीला घेऊन ये.